आबांनी दिलेली उत्तरं

मुलाला शाळेत घालताना आईबापांची परीक्षा घेतात, ही काही आजकालची गोष्ट नाही. माझ्या आईवडिलांची ती झाली तेव्हा नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. फरक एवढाच, की आताचे आईबाप तयारी करून जातात. नातवाच्या वेळी माझ्या सुनेने 'आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना सगळे रंग ओळखायचा' हे वाक्य आरशासमोर उभं राहून तीनतीनदा म्हणून पाहिलं. मी शेजारीच मेथी निवडत होते. मला आठवतो तो मुलगा दीड वर्षाचा असताना खडू खायचा.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, पौडापासून आत डोंगराच्या अंगाला. पौडापर्यंत पायी जायचं आणि तिथून एसटीने पुणं. गावात शाळा होती चौथीपर्यंत. ती देवळात भरायची आणि तिला गुरुजी एकच. गुरुजी एका वेळी चार वर्ग शिकवत, म्हणजे एका वर्गाला शिकवत आणि तीन वर्गांना गप्प बसवत. पाचवीला पौडाला जावं लागे. मुलगे जात. मुलींना कुणी पाठवत नसे आणि का पाठवत नाही असं कुणी विचारतही नसे. मुलगी चौथी झाली की तिची शाळा झाली, जसं जेवण होतं तशी. मला मात्र शाळा व्हायला नको होती. चौथीच्या त्या वर्षभर माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

वर्षातून एकदा शाळा तपासायला साहेब येत. गावात त्यांना दिपोटी म्हणत. त्या वर्षीचे दिपोटी नवे होते, शहरातले होते, आणि त्यांना मुलांना प्रश्न विचारायची हौस होती. त्यांनी विचारलं, "एक नांगर एक शेत चार दिवसांत नांगरतो. चार नांगर लावले तर किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "एक दिवस. पण इर्जिक असली तर दोन."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. इर्जिक म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले बैल-नांगर घेऊन एकाच्या शेतात उतरायचं आणि त्या घराने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. दिपोटींनी विचारलं, "दोन का?"

"जेवल्यावर कोण उठतंय, साहेब?"

एरवी या उत्तराला छडी होती. दिपोटी हसले, चांगले डोळे पुसेपर्यंत हसले, आणि मग गुरुजींना घेऊन थेट आमच्या घरी आले. ओटीवर बसून त्यांनी आबांना सांगितलं, की पुण्यात हुशार मुलांसाठी एक शाळा निघाली आहे. खेड्यातली मुलंही घेतात, मुलीही घेतात. राहणं-जेवण सगळं शाळेचं. आधी मुलांची बुद्धी तपासतात, मग आईवडिलांशी बोलतात, आणि मग ठरवतात. "हिला पाठवा," दिपोटी म्हणाले.

आबा म्हणाले, "तुमी म्हणताय तर बघू की साहेब."

आमच्याकडे 'बघू की'चा अर्थ नाही असा होतो. बैल मागायला आलेल्याला, उसनं भात मागायला आलेल्याला, सगळ्यांना 'बघू की' म्हणतात आणि तो समजून उठतो. दिपोटी शहरातले. ते म्हणाले, "वा! छान!" आणि तिथल्या तिथे गुरुजींना पुढचं सगळं करायला सांगून निघून गेले.

त्यानंतर गावाला बोलायला विषय मिळाला. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "हुशार पोरांची साळा? मंग बाकीच्यांची कुटं हाय?" कुणी म्हणालं, पुण्यात डोकं तपासतात ते येरवड्याला, दुसरीकडे कुठे तपासत नाहीत. बुद्धी मोजतात हे कळल्यावर पारावर दोन दिवस एकच चर्चा चालली, की मोजतात ती पायलीनं का शेरानं. माझी चुलती तेवढी गंभीर होती. ती म्हणाली, "लई हुशार पोरगी कोन करून घेतंय? जरा बेतानं हुशार असू द्यावी." मला पाहिलं की गावातली मोठी माणसं 'सतरा सत्ते?' असं ओरडत आणि मी 'एकशेएकोणीस' म्हटलं की एकमेकांकडे बघत, कारण बरोबर की चूक हे त्यांना माहीत नसे.

आबा या सगळ्यात नव्हते. ते राब भाजत होते. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी ती जागा पालापाचोळा, शेण, गवत पसरून भाजून काढतात. उन्हाळाभर सगळ्या बायामाणसांच्या अंगाला त्या धुराचा वास येतो. मी रोज त्यांच्यामागे राबावर जायची आणि रोज तेच विचारायची, "आबा, जायचं ना?" ते म्हणायचे, "साहेबांनी सांगितलंय, म्हंजी जावं लागंल."

पुण्याला जायच्या सकाळी आईने माझ्या गालाला ठसठशीत तीट लावली. गुरुजी पौडापर्यंत सोडायला आले. एसटीत बसवताना ते आबांना म्हणाले, "विचारतील त्याची खरी उत्तरं द्या, म्हणजे झालं." आबांनी मान हलवली. पिरंगुट गेलं, भूगाव गेलं, पुणं आलं.

शाळेत आधी मला एकटीला आत घेतलं. लाकडी ठोकळे होते, ते चित्रासारखे रचायचे होते. मग चित्रांतल्या चुका ओळखायच्या होत्या. एका चित्रात गाडी बैलाच्या मागे जोडायची तर पुढे जोडली होती. मी ते सांगितलं, आणि शिवाय बैलाची वेसण चुकीची आहे हेही सांगितलं. ती चूक त्यांना माहीत नव्हती. मला तिथे इतकं बरं वाटत होतं, की जेवायला बाहेर बोलावलं तेव्हा माझा पाय निघेना. असले प्रश्न दिवसभर विचारणारी माणसं जगात असतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी आम्हा तिघांना एका खोलीत बसवलं. टेबलापलीकडे एक चष्म्याचे सर आणि पांढऱ्या पातळातल्या एक बाई. खुर्च्या होत्या. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, तिच्यावर पूर्ण बसलं तर तिचे पैसे द्यावे लागतील अशा बेताने. आबांनी टोपी काढली, परत घातली.

सरांनी विचारलं, "मुलगी घरी प्रश्न विचारते का? हे असं का, ते तसं का?"

"न्हाई साहेब," आबा म्हणाले. "इचारलं तेवढंच बोलती."

मी आबांकडे पाहिलं. आदल्याच दिवशी मी त्यांना, धूर वरच का जातो, हे राबावर दुपारपर्यंत विचारत होते. शेवटी ते म्हणाले होते, त्याला खाली काम नाही म्हणून.

"वस्तू उघडून पाहायची सवय आहे का? मोडतोड?"

"छ्या. कशाला हात लावत न्हाई."

आमच्या घरी एक बॅटरी होती. रानडुकरं हाकायला जाताना आबा ती नेत. ती मी उघडली होती, उजेड आत कुठे बसतो ते पाहायला. उघडली ती उघडली, मग लागेना. आबा आणि मी दोघं मिळून ती लावत बसलो होतो आणि लागल्यावर आबा माझ्यापेक्षा जास्त खूश झाले होते.

"वाचनाची आवड?"

"शाळेतलं वाचती. बाकी काय न्हाई."

वाण्याकडून आलेली प्रत्येक पुडी मी आईच्या हातातून ओढून सोडायची, कागद वाचायला. साखर पायलीभर जमिनीवर सांडली असेल आतापर्यंत. अर्ध्यात फाटलेली एक खुनाची बातमी होती, तिचा उरलेला अर्धा मिळावा म्हणून मी आबांना मुद्दाम हळद आणायला लावली होती आणि आबा दोनदा गेलेही होते.

"खेळते कुणाबरोबर? एकटी, की चारचौघींत?"

"म्हशीबरबर आसती," आबा म्हणाले.

सर प्रत्येक उत्तर लिहून घेत होते आणि प्रत्येक उत्तराला त्यांचं लिहिणं कमी होत चाललं होतं. मग बाई आईकडे वळल्या. फार गोड आवाजात त्यांनी विचारलं, "बरं, आई, तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं, की आपली मुलगी हुशार आहे?"

आईला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. ती पहिल्यांदाच खुर्चीवर नीट बसली. "गोवर गेल्यावर," ती म्हणाली. "लई निपचित पडली हुती. आठ-धा दिसांनी पेज मागून प्याली, तवा म्हनलं, आता हुशार झाली."

आमच्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाला हुशार झाला म्हणतात. हुशारी म्हणजे अंगातली तरतरी. बाईंनी 'अच्छा' म्हटलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवतो आम्ही."

हा शब्द मला चांगला ठाऊक होता. माझ्या आत्याला चार ठिकाणची माणसं बघून गेली होती आणि चारही ठिकाणचे लोक पोहे खाऊन उठताना 'कळवतो' म्हणाले होते. कुणीही कळवलं नव्हतं. पाचवे काहीच न म्हणता सुपारी घेऊन आले, तिथे तिला दिली. तेव्हा 'कळवतो' म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. आबा उठले, आई उठली. मी बसून राहिले.

"आबा खोटं बोलतात," मी म्हटलं.

आईने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. बॅटरी सांगितली, पुड्या सांगितल्या, धूर सांगितला, अर्धा खून सांगितला. म्हशीबरोबर मी खेळत नाही, तिच्या पाठीवर बसून पाढे म्हणते, कारण तिथे मध्येच कुणी हाक मारत नाही, हेही सांगितलं. इतकं भराभर बोलले, की शेवटी मला धाप लागली. सरांनी टोपण कधी काढलं ते कळलं नाही, पण ते लिहीत होते.

"खरं का हो?" त्यांनी आबांना विचारलं.

आबा खाली बघत होते. "आता ती म्हणतीया," ते म्हणाले, "म्हंजी आसंल."

बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "मग तुझे वडील असं का बरं म्हणाले असतील?"

"आपल्या पोरीचं आपण कौतुक करू नये म्हणून," मी म्हटलं. "दिष्ट लागती."

बाईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी बाईंकडे पाहिलं. मोठ्या माणसांच्या मनातलं ओळखणारी मुलगी म्हणून त्यांनी मला त्या उत्तराचे वेगळे गुण दिले असावेत. ते उत्तर चूक होतं.

परतीच्या एसटीत आबा पुढे पुरुषांत जाऊन बसले. मी आणि आई मागे. भूगाव जाईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "चार मान्सांत बापाला खोटा म्हनलीस."

"त्यांना प्रश्नच कळले न्हाईत," मी म्हटलं. "सगळी उलटी उत्तरं दिली."

"त्या बाईचं मला न्हाई कळलं," आई म्हणाली. "तुज्या बापाला समदं कळत हुतं."

ती कंडक्टरला ऐकू जाऊ नये एवढ्याच आवाजात बोलत होती, पण आई राग आल्यावर हळू बोलते हे मला माहीत होतं, आणि हा राग माझ्यावर नव्हता. दिपोटी येऊन गेले त्या दिवसापासून ती आबांना म्हणत होती, पोरीला धाडायची नसेल तर सरळ नाही म्हणा, तिला आशेवर ठेवू नका. "तर म्हनले, पोरीला कसं न्हाई म्हनू? माज्यानं न्हाई म्हनवत. त्या साहेबालाच म्हनू दे की न्हाई." आईने पदराने तोंड पुसलं. "तू गेल्यावर त्येस्नी करमायचं न्हाई. दुसरं काय बी न्हाई बग. मी म्हनते, मला बी करमायचं न्हाई. म्हनून काय साळा सोडायची?"

मला राग आला. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही दोन-तीनदाच आला असेल. आबांनी रागावून नाही म्हटलं असतं तर मी रडले असते, जेवले नसते, भांडले असते; ते सगळं मला येत होतं. पण हा माणूस मला पुण्याला घेऊन आला, खुर्चीवर बसला, आणि माझ्यासमोर एकेक उत्तर मोजून मापून चुकीचं देत गेला. खोटं म्हटल्याबद्दल मी माफी मागितली नाही. मागावी असं आजवर मला वाटलेलंही नाही.

त्यानंतर मी आबांशी बोलायची बंद झाले. राबावर जायचंही सोडलं. आमच्या घरात न बोलणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. आजोबा आणि चुलत आजोबा एका बांधावरून मरेपर्यंत बोलले नाहीत आणि रोज एकाच ओटीवर बसले. पण आबांना सवय नव्हती. ते जेवताना उगीच मोठ्याने विचारायचे, "धूर खाली का येत न्हाई म्हणे?" आणि मी पाणी प्यायची.

एके दिवशी गुरुजी धावत आले. गुरुजींना धावताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं. मला घेतलं होतं. आता घरच्यांनी हो म्हणायचं, की जून महिन्यात मुलगी नेऊन सोडायची. गुरुजी ओटीवर बसले, आईने त्यांना गूळ-पाणी दिलं, आणि सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. शेजारचे काकाही आले. चुलती दारात उभी राहिली. आबांनी 'बघू की' म्हटलं असतं तर गुरुजी पाणी पिऊन उठले असते, कारण गुरुजी आमच्याकडचे होते.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबापुढं खोटं पाडलं मला हिनं. आता न्हाई म्हनलो तर लोक म्हनतील, ह्यो खराच खोटा. जाऊ द्या." मग ते उठून गोठ्याकडे गेले. तिथे त्या वेळी काही काम नव्हतं.

जून महिन्यात आबा मला एकटेच सोडायला आले. आईला घरचं सोडून येता आलं नाही; लावणीची तयारी होती, आणि मला वाटतं, तिनेच त्यांना एकट्याला पाठवलं. ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली होती. वाटेत आम्ही कामापुरतं बोललो. वसतिगृहाच्या दारात रेक्टरबाई एकेकाला आत घेत होत्या. आमच्यामागे बरीच माणसं उभी होती. बाईंनी माझं नाव लिहिलं, कॉट दाखवली, आणि सगळ्यांना विचारत होत्या तसं आबांनाही विचारलं, "काही सांगायचंय का मुलीबद्दल?"

सगळे 'लक्ष असू द्या' म्हणून निघत होते. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"भितीकडंची जागा देऊ नका हिला," ते म्हणाले. "झोपंत लाथा मारती, ढोपर फुटतंय. वरन भातावर वतू नका. शेजारी वाढा, आपली आपून कालवती. दुखायला लागलं तर सांगायची न्हाई. लई बोलाय लागली की समजा ताप हाय, कपाळाला हात लावून बगा. एखादं गनित आलं न्हाई की गप बसती, तवा इचारू नका. घटकाभरानं आपूनहून सांगती. केस इंचरताना डाव्या कानामागं दुकतंय तिला, तितं हळू. इजा कडाडल्या की भीती वाटती, पन वाटती म्हनत न्हाई, पानी प्यायला उठती. तवा कुनीतरी जागं असलं म्हंजी झालं."

मागच्या माणसांनी पाय बदलले. रेक्टरबाईंनी पेन उचललं होतं, ते तसंच हातात धरलं. आबांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डाव्या कानामागचं मलाही माहीत नव्हतं. मी हात लावून पाहिला, दुखत होतं.

"आणि घरची आठवण येऊन रडेल का हो फार?" बाईंनी विचारलं. "काही मुली महिना महिना रडतात. मग घरी न्यावं लागतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मुलाखतीपासून ते पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होते. मी रडायला लागले की दिवसभर रडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधीची म्हैस विकली तेव्हा रडले होते, गुरुजी आजारी पडले तेव्हा रडले होते, त्या दिवशी पहाटे दारातून निघताना आईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले होते आणि आबांनीच मला ओढून काढलं होतं. ते आता खरं सांगतील आणि मी त्यांच्याबरोबर परत जाईन, मला घरी ठेवायची त्यांना एवढीच एक वाट उरली होती.

"छ्या," आबा म्हणाले. "ती न्हाई रडायची."

रेक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहीला नाक पुसलं.

"खरं हाय," मी म्हटलं.